भावाचं रॉकेट, ताईचा वॉर्ड

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. वीस वर्षं झाली. धाकटा भाऊ इंजिनियर आहे. माणसांना अवकाशात नेणाऱ्या यानात हवा शुद्ध ठेवणारी, ऑक्सिजन पुरवणारी जी यंत्रणा असते, तिच्यावर तो काम करतो. त्याच्या शिक्षणाला मी हातभार लावला आहे, हेही सांगते. गेल्या महिन्यात तो घरी आला होता. मी रात्रपाळी करून परतले होते. त्या रात्री दोन अत्यवस्थ रुग्णांमध्ये एकच मॉनिटर होता. दर अर्ध्या तासानं इकडचा काढून तिकडे लावत होते. घरी आले तर हा टीव्हीसमोर बसून कुठलंसं उड्डाण बघतोय, आणि मला म्हणतो, 'ताई, तीस वर्षांत मंगळावर माणसांची वसाहत असेल बघ.' माझा तोल सुटला. मी म्हटलं, 'तुझ्या त्या धुरात माझ्या वॉर्डातली औषधं जळतायत.' तो काही न बोलता बॅग उचलून गेला. तेव्हापासून फोन नाही. मला दोनच गोष्टी सांगा. माणसांना अवकाशात पाठवायला आणि तिकडे वसाहती करायला सरकारनं पैसा द्यावा का? आणि मी चुकले का?"

ताई,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पत्रभर तोच जास्त जाणवला. तुमचा राग खोटा नाही. रात्रभर एक मॉनिटर दोन खाटांमध्ये फिरवणाऱ्या बाईला राग आला नाही, तरच मला काळजी वाटली असती. पण वड्याचं तेल वांग्यावर निघालं. मॉनिटर तुमच्या भावानं अडवलेला नव्हता.

हा प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. 15 जुलै 1969 रोजी, अपोलो 11 चंद्राकडे निघायच्या आदल्या दिवशी, फ्लोरिडातल्या उड्डाणतळापाशी एक मोर्चा आला होता. खेचरं जुंपलेल्या गाड्या आणि सोबत गरीब कुटुंबं, त्यांत लहान मुलंही. पुढे रेव्हरंड राल्फ ॲबरनॅथी. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर त्यांच्या संघटनेची धुरा यांच्याकडे आली होती. म्हणणं थेट तुमचंच होतं: चंद्रावर जायला या देशाकडे पैसा आहे, मग उपाशी माणसांसाठी का नाही? नासाचे प्रमुख टॉमस पेन बाहेर येऊन उघड्या मैदानात त्यांना भेटले. उद्या बटण न दाबल्यानं गरिबी मिटणार असेल, तर आम्ही बटण दाबणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मोर्चातल्या काही कुटुंबांना उड्डाण बघायला आत बोलावलं. ॲबरनॅथींनीही अंतराळवीर सुखरूप परत यावेत म्हणून प्रार्थना करू, असं सांगितलं. दोघांनी एकमेकांचा मान राखला, आणि दोघंही आपापल्या म्हणण्यावर ठाम राहिले. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो.

पुढे काय झालं तेही बघा. 1966 मध्ये अमेरिकी केंद्र सरकारच्या एकूण खर्चातला 4.4 टक्के वाटा नासाकडे जात होता. 1970 मध्ये अपोलोच्या शेवटच्या मोहिमा रद्द झाल्या आणि 1975 च्या आसपास हा वाटा 1 टक्क्यावर आला. आज तो अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे, आणि त्यातला जेमतेम निम्मा माणसांच्या उड्डाणांवर जातो. चंद्राचा पैसा आटला, पण म्हणून तो खेचरगाड्यांतल्या पोरांपर्यंत पोचला नाही. गरिबी होती तिथेच राहिली. सरकारी खर्चात एका खात्यातून वाचलेला पैसा गरजवंताच्या दारात आपोआप जात नाही. ज्याच्यासाठी कुणी भांडतं, तिकडे तो जातो.

म्हणून वॉर्डासाठी वॉर्डाच्याच नावानं भांडा. त्या रात्रीची नोंद केलीत का? तारीख, खाट क्रमांक, किती वाजता मॉनिटर काढला, किती वाजता लावला, त्या मधल्या वेळात रुग्णाची अवस्था काय होती. एका वहीत महिनाभर लिहा, रात्रपाळीच्या इतर सिस्टरनाही लिहायला सांगा. "आमच्याकडे यंत्रं कमी आहेत" या वाक्यावर शेरा मारून फाईल पुढे सरकते. तीस रात्रींच्या नोंदी समोर ठेवल्या की तसं करणं कुणालाही जड जातं.

आता भावाकडे वळते, कारण वाटा लहान आहे एवढं सांगून त्याचीही सुटका होत नाही. लहान खर्चालाही कारण लागतंच.

तो तुम्हाला बहुधा सांगेल की अवकाशामुळे किती शोध लागले. टेफ्लॉन आणि वेल्क्रोचं नाव तर हमखास येतं. टेफ्लॉन सापडलं 1938 मध्ये, वेल्क्रोची कल्पना 1941 मधली. दोन्ही नासाच्या जन्माआधीची, कारण नासाची स्थापनाच 1958 ची. तो वादळाची पूर्वसूचना देणाऱ्या उपग्रहांविषयी बोलेल, पिकांचे आणि पुराचे नकाशे दाखवेल. तेही खरं आहे, पण त्या उपग्रहांत माणूस नसतो. ती कामं यंत्रंच करतात, आणि त्यांच्यावरचा सरकारी खर्च मला एका क्षणासाठीही खटकत नाही. त्यांचं श्रेय माणसांच्या उड्डाणांना देणं मात्र बरोबर नाही. भाऊ मनापासून हे काम करतो, म्हणून त्यानं उसनी कारणं टाकून द्यावीत असं मला वाटतं. त्याच्याजवळ स्वतःची कारणं आहेत.

डिसेंबर 1972. अपोलो 17. चंद्रावर उतरलेल्या बाराजणांत व्यवसायानं भूवैज्ञानिक असलेला एकच माणूस होता, हॅरिसन श्मिट. शॉर्टी नावाच्या विवराच्या काठी चालताना त्याच्या बुटानं वरची राखाडी धूळ उकरली गेली आणि खालून नारिंगी माती दिसली. तो थांबला, ओरडलाच. घाईघाईनं खणून नमुना घेतला, कारण तिथे थांबायला थोडाच वेळ उरला होता. ती माती म्हणजे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीतून उडालेले काचेचे बारीक मणी निघाले. 2008 मध्ये चंद्रावरच्या अशाच ज्वालामुखीय मण्यांच्या आत पाण्याचा अंश सापडला आणि चंद्र पोटातून ठार कोरडा आहे ही समजूत बदलली. नमुना आणल्यावर छत्तीस वर्षांनी! श्मिटची नजर अभ्यासानं तयार झालेली होती. अशी नजर, तिच्यासोबत हात, आणि जागच्या जागी निर्णय घेण्याची मुभा, एवढं सगळं एका ठिकाणी असावं लागलं.

आणखी एक तुलना सांगते. मंगळावरची ऑपॉर्च्युनिटी ही गाडी 2004 मध्ये उतरली आणि चौदा वर्षांत साधारण 45 किलोमीटर चालली. तिच्याबद्दल मला अपार आदर आहे. अपोलो 17 मधल्या दोघांनी चंद्रावरच्या गाडीतून तीन दिवसांत सुमारे 36 किलोमीटर पालथे घातले. सोव्हिएत रशियाची यंत्रं तीन फेऱ्यांत सगळी मिळून सुमारे 300 ग्रॅम चांद्रमाती घेऊन आली. अपोलोच्या माणसांनी सहा फेऱ्यांत 382 किलो आणली.

अर्थात माणूस पाठवणं कितीतरी पट महाग. तो सोबत हवा, पाणी, परतीचा प्रवास आणि मरणाची भीती घेऊन जातो. नासाच्या स्पेस शटल या यानांच्या 135 उड्डाणांत चौदाजण गेले. त्यांतलं चॅलेंजर 1986 मध्ये कोसळलं, त्याच्या आदल्या रात्री इंजिनियरांनी थंडीमुळे रबरी कड्यांची खात्री देता येत नाही असं बजावलं होतं आणि वरिष्ठांनी ते मानलं नाही. म्हणून माझं मत असं की यंत्रानं भागतं तिथे यंत्रच जावं, आणि तसं बहुतेक ठिकाणी भागतं. माणूस जावा तो हाताची आणि नजरेची खरी गरज असेल तिथे.

त्यासाठी सरकारनंच पैसा का द्यावा? नफ्याचा हिशेब करणारा माणूस ज्या कामाकडे फिरकत नाही, त्याचंही मोल असतं म्हणून. अंटार्क्टिकावर ब्रिटिशांचं हॅली नावाचं संशोधन केंद्र आहे. तिथे 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून माणसं ओझोन मोजत होती. वर्षामागून वर्षं तेच उपकरण, तेच आकडे, तेच कंटाळवाणं काम. याचा उपयोग काय, असं कुणी विचारलं असतं तर पहिली पंचवीस वर्षं सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. 1985 मध्ये त्याच आकड्यांमधून जो फार्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओझोनच्या थराला पडलेलं भगदाड जगाला दाखवलं. दोन वर्षांत ओझोनला मारक रसायनांवर बंधनं घालणारा माँट्रियलचा करार झाला. अशी चिकाटी बाजारात विकत मिळत नाही. करदात्यांनी ती पोसावी लागते.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाच्या अर्ध्या भागाला माझं उत्तर हो असं आहे. माणसांच्या अवकाश-संशोधनाला सरकारनं पैसा द्यावा. मोजका, ठरलेला आणि उघड हिशेबाचा. "उघड" या शब्दावर मी अडून बसेन. नासाच्याच महानिरीक्षकांनी 2022 मध्ये हिशेब मांडला की नव्या चांद्रमोहिमांच्या सुरुवातीच्या प्रत्येक उड्डाणाला सुमारे 4.1 अब्ज डॉलर पडतील आणि हा खर्च न पेलणारा आहे. सरकारी पैशानं चालणाऱ्या कामात हे असं घरातूनच बोलणारं कुणीतरी हवं. भाऊ नोकरी करतो तिथे असं कुणी आहे का, हे त्याला जरूर विचारा.

वसाहतीला मात्र माझं उत्तर नाही. आणि इथे मला तुमच्याशीच बोलायचं आहे, कारण ऑक्सिजन म्हणजे काय हे तुम्हाला कुणी शिकवायला नको.

1991 मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात आठ माणसं काचेच्या एका प्रचंड बंद इमारतीत राहायला गेली. बायोस्फिअर 2 तिचं नाव. सव्वा हेक्टरवर आत शेत, झाडं, छोटासा समुद्रसुद्धा. बाहेरून हवा घ्यायची नाही, दोन वर्षं आतल्या आत जगायचं. पैसा खाजगी होता. हळूहळू माणसं थकायला लागली. जिना चढताना धाप लागायची, रात्री झोप मोडायची. 21 टक्के असायला हवा तो आतला ऑक्सिजन सोळा महिन्यांत 14 टक्क्यांच्या आसपास उतरला होता. कारण शोधलं तर भरपूर सेंद्रिय खत घातलेल्या मातीतले सूक्ष्मजीव तो खात होते, आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड इमारतीचं काँक्रीट शोषून घेत होतं. हिशेब लागत नव्हता तो भिंतींमुळे. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. दार उघडलं तर बाहेर पृथ्वी होती, म्हणून आठही माणसं वाचली.

मंगळावर दाराबाहेर काय आहे? हवेचा दाब पृथ्वीच्या 1 टक्क्याहूनही कमी. सरासरी तापमान उणे 60 अंशांच्या आसपास. मातीत पर्क्लोरेट, म्हणजे थायरॉईडला बाधणारे क्षार. तिकडे निघायची सोयीची वेळ साधारण 26 महिन्यांतून एकदा येते. क्युरिऑसिटी गाडीनं तिकडे जाताना वाटेतच किरणोत्सर्ग मोजला, तो दिवसाला 1.8 मिलिसीव्हर्ट भरला. छातीच्या एका एक्स-रेला 0.1 धरा, म्हणजे रोज अठरा एक्स-रे, आणि तेही सहा-सात महिने. अवकाशात माणसाची वजन पेलणारी हाडं महिन्याला एक ते दीड टक्क्यानं झिजतात, म्हणून अवकाश स्थानकावर रोज दोन तास व्यायाम सक्तीचा असतो. हे सगळं निवडलेल्या, धडधाकट, प्रौढ माणसांचं झालं. मंगळाच्या 38 टक्के गुरुत्वात गर्भ कसा वाढेल, बाळाची हाडं कशी घडतील, याचा एकही मानवी अनुभव जगात कुणाकडे नाही.

वसाहत म्हटली की मुलं आली. मुलं नसतील तर ती वसाहत कसली, तो तळ झाला. हॅलीसारखे तळ अंटार्क्टिकावर कित्येक आहेत. माणसं जातात, काम करतात, परत येतात. तिथे कुणी पिढ्यान्‌पिढ्या राहत नाही, आणि त्यामुळे कुणाचं काही अडलेलं नाही.

पण तिथेही एका सरकारला मोह झाला होता. 1978 च्या सुरुवातीला अर्जेंटिनाच्या एस्पेरांझा तळावर एक मुलगा जन्मला, अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर जन्मलेलं पहिलं मूल. त्याची आई सात महिन्यांची गरोदर असताना तिला विमानानं तिकडे नेण्यात आलं होतं. त्या भूभागावर अर्जेंटिनाचा दावा होता आणि आपला माणूस तिथे जन्मला की दावा पक्का होईल असा विचार होता. प्रसूती सुखरूप झाली, हे चांगलंच. पण बाळंतिणीच्या खाटेशी रात्री काढलेल्या तुम्हाला मी काय वेगळं सांगणार? गुंतागुंत झाली असती तर? सरकार वसाहतीला पैसा देतं तेव्हा त्यात झेंडा रोवण्याची इच्छा कुठेतरी असतेच, आणि त्या झेंड्याची काठी कुणाचं तरी बाळ होऊ शकतं. कुठल्याही करदात्याच्या पैशानं हे होऊ नये, इतकं माझं मत ठाम आहे.

1967 चा अवकाश करार सांगतो की चंद्रावर किंवा कुठल्याही ग्रहावर कोणत्याही देशाला मालकी सांगता येणार नाही. त्याच करारात असंही आहे की खाजगी कंपनी अवकाशात जे करील त्याची जबाबदारी तिच्या देशावर राहील. म्हणजे कंपनी स्वतःच्या पैशानं वसाहत करू म्हणाली, तरी सरकारला हात झटकता येणार नाहीत.

पृथ्वी बिघडली तर माणसाला दुसरं घर हवं, हा मुद्दा तुमचा भाऊ काढेल. कळकळीनं काढेल, ते मला दिसतं. त्याला एवढंच विचारा, की पृथ्वी किती बिघडली म्हणजे ती मंगळापेक्षा वाईट होईल? इथे सगळ्यात भयंकर वर्षीही दार उघडून श्वास घेता येईल. ज्या दिवशी तळावरची माणसं वर्षानुवर्षं धडधाकट राहून परत येतील, हवा-पाण्याचा हिशेब खरोखर बंद खोलीत जुळेल, त्या दिवशी वसाहतीविषयी पुन्हा बोलू. तो हिशेब जुळवायचं काम तुमचा भाऊच करतो आहे. अवकाश स्थानकावर 2023 मध्ये मूत्र, घाम आणि श्वासातल्या ओलाव्यासकट 98 टक्के पाणी परत वापरात आणण्यापर्यंत मजल गेली. हे त्याच्याच क्षेत्रातलं काम आहे, आणि मला ते रॉकेटच्या धुरापेक्षा मोठं वाटतं.

आता फोन. रात्रपाळी करून आल्याआल्या करू नका, तेव्हा दोघांचंही पुन्हा बिनसेल. सुट्टीच्या दिवशी, झोप झाल्यावर करा. तो धाकटा आहे म्हणून त्यानंच आधी करावा, हा हट्ट धरू नका. बोलणं तुमच्या वाक्यानं तुटलं आहे. "त्या दिवशी मी तुझ्यावर काढलं, ते चुकलं" एवढं म्हणा. सरकारी खर्चावरचं तुमचं मत मागे घ्यायची गरज नाही. तुमच्यासारख्यांनी विचारलं नाही तर हिशेब उघड राहत नाही.

आणि त्याला एक गोष्ट सांगा, त्याला ठाऊक असली तरी सांगा, कारण तुमच्या तोंडून ती वेगळी वाटेल. अवकाश स्थानकावरच्या एका अंतराळवीराच्या मानेतल्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली. मोहिमेला सुमारे दोन महिने झाले होते, त्रास काहीच नव्हता. संशोधनासाठी चाललेल्या सोनोग्राफीत ती दिसली. 2020 मध्ये ही हकिगत वैद्यकीय नियतकालिकात आली, रुग्णाचं नाव न देता. वर एनॉक्सापरिनच्या, म्हणजे गुठळीवरच्या इंजेक्शनच्या, मोजक्याच कुप्या होत्या, सिरिंजही मोजक्या. खाली पृथ्वीवर डॉक्टर बसून हिशेब करत होते की पुढचं मालवाहू यान गोळ्या घेऊन येईपर्यंत साठा कसा पुरवायचा. काही आठवड्यांनी त्यांनी रोजचा डोस कमी केला. वजनरहित अवस्थेत कुपीतून औषध ओढून घेणं हीच एक कसरत. सुई टोचणारे हात वर, आणि सांगणारा डॉक्टरांचा आवाज चारशे किलोमीटर खालून.

कपाटातल्या कुप्या मोजून सकाळपर्यंत पुरतील का, हा हिशेब तुम्ही किती रात्री केला असेल! त्याला विचारा, की तुझ्या यानात औषधांचं कपाट कुठे असतं, त्याची यादी कोण करतं, आणि ती करताना कुणी वॉर्डातल्या सिस्टरला विचारतं का.